खाली लावलेल्या तसबिरी

सरावली, गुरुवार दुपार

प्रिय निधी,

तुला पत्र लिहायला बसले आणि पहिली दहा मिनिटं पेन शोधण्यात गेली. या घरात आता सगळं आहे, पेन तेवढं नाही. शेवटी चिकूच्या खोक्यांवर खुणा करायचं जाड निळं पेन सापडलं, त्यानेच लिहितेय, अक्षर फिसकटलं तर चालवून घे. फोन करता आला असता तर केला असता. पण माझ्या फोनमधून तुझा नंबर गेलाय, आणि पाठ असलेला फिरवला तरी संध्याकाळी माझा फोन कुणाच्या हातात जातो ते तुला माहीत आहे. दीपेश रविवारी वरोरला येतोय, तुला माहेराहून न्यायला. तुझ्या भावाशी, सुनिलशी, त्याचं बोलणं झालंय, तुझ्या वहिनीचं, वर्षाचंही मत पडलंय की आता पाच महिने झाले, बहिणीने आपल्या घरी जावं. त्याच्या आत हे पत्र तुला मिळायला हवं. आधी घर कसं झालंय ते सांगते, कारण तो येऊन तुला तेच सांगणार आहे, आणि फोटोही दाखवणार आहे.

स्वयंपाकघर तू ओळखणार नाहीस. ओट्यामागे पांढऱ्या टाइल्स बसवल्यात, मधेमधे एकेक निळी. तू मला मोबाईलवर दाखवायचीस ना त्या बायकांची स्वयंपाकघरं, जिथे फोडणी कधी पडलेली दिसत नाही आणि मिरच्यासुद्धा पडद्याचा रंग बघून आणलेल्या असतात, अगदी तसं. जुनी मांडणी काढून लाकडी फळ्या ठोकल्या. तलासरीचा सुतार चार दिवस इथेच होता, चहा मात्र चाळीस दिवसांचा प्यायला. फळ्यांवर काचेच्या बरण्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी. मेथ्यांच्या बरणीवर 'मेथी' लिहिलंय, जसं काही मला इतक्या वर्षांत मेथी ओळखायला आली नाही. खिडकीला फिकट पिवळे पडदे आहेत. वापीच्या दुकानात तू जे कापड तासभर हातात धरून उभी होतीस आणि मग महाग म्हणून ठेवून दिलंस, तेच. त्याच्या ते लक्षात होतं. हे वाचून तुला आत कुठेतरी बरं वाटेल, पडदे बघून मलाही वाटलं होतं, म्हणून मीच सांगून टाकते.

आणि ओव्हन आणलाय. तो जुना टेबलावरचा नव्हे, हा भिंतीत बसवलेला. आत दिवा लागतो आणि केक फुगताना बाहेरून दिसतो. मी त्याच्यासमोर स्टूल टाकून पहिल्या दिवशी अर्धा तास बसले होते, टीव्ही बघावा तशी. आमच्या वेळी चुलीत काय शिजतंय ते वासावरून कळायचं, आता दिवा लावून बघायचं. जुना ओव्हन कुठे गेला ते मी विचारलं नाही.

मागच्या पडवीची भिंत खरोखर बघण्यासारखी झालीय. ती नवशीने केली. गंजाडची नवशी, आपल्या वाडीत चिकू तोडायला येते ती, तुला सूनबाय म्हणायची. आधी शेणाने लिपली, मग गेरू दिला आणि त्यावर तांदळाच्या पिठाने झाडं, कोंबड्या, चूल फुंकणारी बाई, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा वेढा. दीपेशला खरं तर चौक हवा होता, तुमच्या खोलीत. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर असतो तो, मधे पालघट देवी असते तो. त्याने कुठल्याशा रिसॉर्टच्या जाहिरातीत पाहिला आणि नव्याने सुरुवात करायची तर चौकच हवा असं मनाने घेतलं. नवशी म्हणाली, लगीन नाय त चौक नाय लिवत. ती माणसं चौक काढतात म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात. याने आधी पैसे वाढवून पाहिले, मग आवाज वाढवून पाहिला. ती आपली बादलीत हात धूत राहिली आणि म्हणाली, या घरात कुणाचं लगीन हाय ते सांग, मंग मी लिवन.  दुसऱ्या दिवशी त्याने डहाणूहून चौकाचं भलंमोठं स्टिकर करून आणलं आणि तुमच्या पलंगामागे चिकटवलं. एका कोपऱ्यात हवा राहून फुगा आलाय. तो दाबला की शेजारी दुसरा येतो.

शेजारची सुषमा तीनदा येऊन घर बघून गेली. चौथ्यांदा जावेला घेऊन आली. म्हणते, नर्मदाबाई, तुमची सून नशीबवान, आमच्याकडे एक फळी ठोकायला सांगितली तर तीन पावसाळे जातात. मी तिला चहा दिला आणि नव्या बरणीतली बिस्किटं दिली.

तुझं इथलं पहिलं वर्ष मला वासावरून आठवतं. तू यायच्या आधी माझी भाजण्याची हौस वर्षातून एकदा भागायची. दिवाळीच्या आठवडाभर आधी आम्ही बायका घरून मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन स्टेशनजवळच्या बेकरीत जायचो. तिथेच जमिनीवर बसून मळायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे आणि भट्टीवाला लांब फावड्याने ट्रे आत सारायचा. आपल्या नानकटाया ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. सुषमा बेदाणा दाबायची, मी वेलदोड्याचा दाणा. नंबर लागेपर्यंत दोन-तीन तास जायचे, आणि एवढा वेळ का लागला हे घरी कुणी विचारू शकत नव्हतं, कारण भट्टी आपल्या हातात नसते. वर्षातली ती एक दुपार माझी असायची.

तू ऐकून खूप हसलीस आणि म्हणालीस, आई, आपण घरीच भाजू. तेव्हा ओव्हन कुठला. तू वरोरहून पिशवीभर रेती आणलीस, तीन पाण्यांनी धुतलीस, गच्चीवर वाळवलीस. माझ्या जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ती रेती तापवून त्यात डबा ठेवला, वर झाकण, झाकणावर वरवंटा. सुकवलेल्या चिकूच्या चकत्या तू मिक्सरमधून काढून पिठात घातल्या होत्यास. तासभर आपण दोघी त्या पातेल्याभोवती अशा बसलो होतो की कुणाला वाटावं आत कुणाचं तरी बारसं आहे. काढला तर कडेने झकास आणि मधे पीठच. आपण तो चमच्याने खाल्ला, शिरा म्हणून. मी इतकी हसले होते की सुषमाने कुंपणावरून विचारलं, काय झालं. मला या घरात इतकं हसल्याचं दुसरं काही आठवत नाही, आणि मी या घरात सदतीस वर्षं आहे.

त्याच सुमारास तुला घर नीट लावायचं वेड लागलं. मेजर टेप आणि कानावर पेन्सिल, गवंड्यासारखी फिरायचीस. म्हणालीस, आई, तसबिरी डोळ्यांच्या उंचीला हव्यात, आपल्याकडे सगळ्या इतक्या खाली का लावल्यात? खरंच होतं. ओटीवर गणपती छातीच्या खाली, घड्याळ असं की खाटेवर बसलं तरच दिसावं, माझ्या भरतकामाचे पोपट कमरेशी, आणि कॅलेंडर तर निम्मं कपाटाच्या आड. मी म्हटलं, राहू दे गं, जुन्या घरात असंच असतं. तोवर तू कॅलेंडर उतरवलंसही. मागे भिंतीत वाटीएवढा खळगा आणि त्याच्या कडेने भेगा. हे काय, तू विचारलंस. मी म्हटलं, खाट सरकवताना लागली. तू हसलीस, म्हणालीस, खाट उडत होती का आई? आणि कॅलेंडर होतं तिथे परत लावलंस, कारण सासूला पेचात पकडू नये एवढं तुला कळत होतं.

तिथे खाट नव्हती, निधी. तिथे मी होते.

तो खळगा पितळेच्या लोट्याचा. तुझ्या सासऱ्यांनी मारला, मी बाजूला झाले म्हणून भिंतीला लागला. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. कारण आता आठवतही नाही, आमटीतलं मीठ असेल नाहीतर माझ्या भावाचं न कळवता येणं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बाजारातून लक्ष्मीचं कॅलेंडर घेऊन आले. मी खिळा ठोकला. त्यानंतर दर वर्षी कॅलेंडर बदललं, खिळा तोच राहिला. घड्याळ असंच आलं. मिक्सर असाच आला, पंखा असाच. ज्याची वाहवा व्हायची ते पोपटांचं भरतकाम मी भिंतीच्या मापाने केलं. दोनच पोपट घालायचे होते, भेग लांबत गेली म्हणून तीन घातले. बायका विचारायच्या, तिसऱ्याचं तोंड उलटं का. त्यांचा हार घातलेला फोटोसुद्धा आठ वर्षांपूर्वी मी जिथे लावला, तिथे त्यांच्याच काठीची खूण आहे. बसलेत आपल्याच कर्तृत्वावर. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण मला आता कोणी काय म्हणतं याची चाड राहिली नाही.

हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, कारण घर छान दिसायचं. नीटनेटकं घर, भिंतीवर भरतकाम, दारात मोत्यांचं तोरण. अशा घरात काही होत असेल असं कुणाच्या मनात येत नाही, आणि काही वर्षांनी आपल्याही मनात येईनासं होतं. मला वाटायचं मी संसार टिकवतेय. खिळे दीपेश धरायचा. लहान होता, चार-पाच वर्षांचा, एका हातात खिळ्यांची डबी आणि दुसऱ्या हाताने माझा पदर धरून उभा राहायचा, मी मागितला की एकेक खिळा द्यायचा. आधी आवाज झाला की पिठाच्या डब्यामागे लपायचा, मग दुसऱ्या दिवशी खिळे द्यायचा. मी किती वेळा विचार केला की तो बापाकडून काय शिकला. माझ्याकडून काय शिकला याचा विचार करायला फार उशीर केला. मोडलं की दुसऱ्या दिवशी काहीतरी आणायचं, आणि आई ते लावून टाकते, हे तो माझ्याकडून शिकला.

तुझ्या लग्नाला सात महिने झाले होते. वैशाखातली सकाळ, घामाच्या धारा, आणि तू गळ्याभोवती ओढणी घट्ट घेऊन माझ्याकडे आलीस. म्हणालीस, आई, तुमच्याकडे एखादी जास्तीची चौकट आहे का, आमच्या खोलीत लावायला? मी विचारलं, केवढी हवी? तू दोन हातांनी माप दाखवलंस. माझ्याकडे बघत नव्हतीस. तुला कॅलेंडरमागचं तेव्हा कळलं होतं, आणि मला तुझ्या ओढणीचं. आणि मी, निधी, मी कपाटातून कमळाची चौकट काढून दिली. वर हातोडीही दिली. मला दुसरं काहीही द्यायला हवं होतं. शंभर रुपये द्यायला हवे होते आणि एसटीपर्यंत सोडायला यायला हवं होतं. त्या दुपारी तू चिकूचा केक केलास आणि तो पहिल्यांदा मधेही नीट भाजला गेला. आपण दोघींनी तो खाल्ला आणि किती छान झालाय ते बोलत राहिलो.

पुढचं तू जगलीस, मी काय सांगू. दिव्यांची माळ आली, उशांचे अभ्रे आले, बांबूची झुंबरं तलासरीच्या बाजारातून आली. श्रावणात ओव्हन आला. बोर्डीच्या पाहुण्यांच्या बंगल्यांतून तुझ्या नानकटायांना मागणी आली, खोक्यांवर तू चिकूचं पान काढायचीस, तेव्हा तू पुन्हा गाणं गुणगुणायला लागली होतीस, आणि मला वाटलं, बघ, निभलं. मी तुला हे वाक्य बोलूनही दाखवलं होतं, की पुरुषांचं वय वाढलं की निवतं. माझ्या नवऱ्याचं वय वाढलं तेव्हा तो निवला नव्हता, हात चालेनासा झाला म्हणून थांबला. मला ते माहीत होतं तरी मी तुला ते सांगितलं.

म्हणून आता मी या नव्या स्वयंपाकघरात बसते तेव्हा मला टाइल्स दिसत नाहीत. मी मनात हिशेब लावते की कुठल्या वस्तूमागे काय होतं, आणि या सगळ्यामागे मला काही सापडत नाही. तू तर पाच महिने इथे नाहीस. एवढं सगळं एकदम, पडदे, फळ्या, ओव्हन, भिंत, चौक. आजवर वस्तू नेहमी नंतर यायच्या. या वेळी त्याने आधीच आणून ठेवल्यात. मला रात्री झोप लागत नाही आणि दिवसा हात चालत नाही. मी म्हातारी आहे, मला भीती वाटायची सवय आहे, पण ही भीती मला ओळखीची नाही.

आता त्या दिवसाचं. गौरींच्या आधीचा मंगळवार. चाळीस खोक्यांची ऑर्डर होती आणि तुला बंगल्यावरच्या माणसाचा फोन आला, कधी पाठवताय विचारायला. तू हसून बोललीस, कारण गिऱ्हाइकाशी हसूनच बोलतात. दीपेश वाडीतून आला तो नेमका तेव्हा. ट्रे नुकताच ओव्हनमधून काढून ओट्यावर ठेवलेला होता. बाकीचं मी खाली लिहिणार आहे, नीट, एका जागी. इथे एवढंच लिहिते की दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं, कसं झालं? आणि तू तोंड उघडायच्या आत मी बोलले. मी म्हटलं, ओव्हन नवीन आहे, हाताला सवय नाही, ट्रे निसटला. त्या तुझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघितलं तुझ्याकडे, आणि तू मान खाली घातलीस. त्यांनी तसंच लिहून घेतलं. संध्याकाळी सुनिलचा फोन आला तेव्हाही मीच उचलला आणि तेच सांगितलं, वर हसले. पंधरा दिवसांनी तू वरोरला गेलीस आणि परत आली नाहीस, तेव्हा तुझ्या भावाला काय कळणार? त्याच्या लेखी बहीण स्वतःच्या हाताने भाजली आणि रुसून माहेरी येऊन बसली. तू त्याला खरं सांगितलं असशील, तर त्याने मला विचारलं असेल, आणि मी तर आधीच सांगून ठेवलेलं. तुला खोटं मी पाडलं. तुझ्या हाताचा डाग तू कुणालाही दाखवलास तरी त्याच्यावर माझंच वाक्य बसलेलं आहे.

काल दुपारी तो वाडीत असताना मी ठरवलं की सगळ्या तसबिरी उतरवायच्या. रविवारी तो तुला घेऊन आला किंवा एकटा आला, तरी भिंती उघड्या दिसू देत, सुषमाला दिसू देत, तिच्या जावेला दिसू देत. स्टूल लागतच नाही, सगळ्या हाताशी आहेत. कॅलेंडर उतरवलं. घड्याळ उतरवलं. पोपटांना हात घातला तेवढ्यात फाटकाची कडी वाजली, कुणीतरी चिकू विचारायला आलं होतं. ते माणूस ओटीवर यायच्या आत मी घड्याळ आणि कॅलेंडर परत जागच्या जागी लावलेलं होतं. मला कळलंही नाही कधी लावलं. हात आपोआप करतात. तेव्हा समजलं की मला हे जमणार नाही, या जन्मात नाही. मी इथून निघूही शकत नाही. कुठे जाऊ, भाऊ गेला, आणि खरं सांगायचं तर तो माझा मुलगा आहे, त्याला जेवायला कोण वाढेल हा विचार अजून माझ्या मनात येतो. मला स्वतःची लाज वाटते, पण येतो.

संध्याकाळी नवशी पडवीतल्या भिंतीची कोंबडी पुरी करत होती. मी शेजारी जाऊन बसले. इतकी वर्षं या घराच्या भिंती तीच लिपतेय, कुठे किती खोल आहे ते तिच्या बोटांना ठाऊक आहे, पण आजवर कधी तोंडातून शब्द काढला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, बाय, आता सूनबाय आली का मी भिंत लिपाया नाय येनार. तू लिव काय ता, मी देन तिला. शनिवारी ती सुकी मासळी आणायला वरोरला येणार आहे.

दीपेशच्या हातून तुला माझं एक पत्र मिळेल. तो समोर बसून सांगत होता आणि मी चांगल्या अक्षरात लिहीत होते. त्यात टाइल्स आहेत, पडदे आहेत, ओव्हनमधला दिवा आहे, आणि खाली 'वाट बघणारी तुझी आई' असं आहे. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणूनच मला हे दुसरं लिहावं लागलं. तू येऊ नकोस. पडदे बघायला नको, माझी कीव येऊन नको, मी आजारी आहे असा निरोप आला तरी नको. आणि आता मघाशी राहिलेलं लिहिते: त्या मंगळवारी ट्रे निसटला नव्हता. माझा मुलगा दीपेश याने तुझा उजवा हात मनगटाशी धरून गरम ट्रेवर दाबला आणि तू ओरडत असताना सोडला नाही. मी दारात उभी होते, माझ्या हातात पिठाची चाळणी होती, मी डोळ्यांनी पाहिलं. दवाखान्यात आणि सुनिलला मी जे सांगितलं ते खोटं होतं. हे सुनिलला वाचायला दे, वर्षाला दे, पोलिसांत द्यावं लागलं तर तिथे दे, पुढे मला कुणी बोलावलं आणि मी घाबरून उलट बोलले तर माझ्यासमोर हेच धर. नवशीबरोबर नाव घातलेला माझा स्टीलचा डबा पाठवतेय, पत्र तळाशी कागदाखाली आहे, वर नानकटाया आहेत, वेलदोड्याचा दाणा दाबलेल्या. नव्या ओव्हनचा अंदाज आला नाही, खालून करपल्यात. तुझा साखरपुडा झाल्यापासून हा डबा सरावली आणि वरोरमध्ये फिरतोय आणि कधी रिकामा परत आला नाही. तू गेलीस तेव्हासुद्धा वर्षाने चिमूटभर साखर घालून पाठवला होता, आणि मी ती साखर बरेच दिवस तशीच ठेवली होती. या वेळी डबा तुझ्याकडेच राहू दे. भरूनही पाठवू नकोस.

तुझीच,
नर्मदा हरिश्चंद्र